काहीच त्रास होत नाही, मग बीपीची गोळी कशाला?

पत्र: डॉक्टरबाई, मी २६ वर्षांची, पहिलटकरीण. २९वा आठवडा चालू आहे. सासर पुण्यात, माहेर कराडच्या आत, तासाभरावरच्या गावात. मागच्या तपासणीला बीपी १४४/९४ आलं. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, दुसऱ्या दिवशी बोलावून मोजलं, तेवढंच. डॉक्टरांनी लॅबेटालॉल दिवसातून दोनदा लिहून दिली. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, त्यात साखर १४८ आली. मला खरं सांगायचं तर काहीच होत नाही. पाय सुजतात, पण ते सगळ्यांचेच सुजतात म्हणे. गोळीच्या पाकिटातला कागद वाचून मी घाबरले आणि चार दिवसांनी गोळी बंद केली. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुणी बीपी मोजलं नाही, सगळ्या सुखरूप सुटल्या. हे सगळं सिझर करायला लावण्यासाठी चाललंय. फारच वाटलं तर सासऱ्यांच्या बीपीच्या गोळीतली अर्धी घे, ते दहा वर्षं घेतायत, त्यांना काही झालं नाही. पुढच्या महिन्यात माहेरी डोहाळजेवण आहे आणि बाळंतपणही तिकडेच करायचं ठरलंय. गोळी घेऊ का? माहेरी जाऊ का? आणि गोड पूर्ण बंद का? – अ., पुणे

उत्तर: तुझं पत्र मंगळवारी दुपारी वाचलं आणि सदराची वाट न बघता संध्याकाळीच तुला दोन ओळी पाठवल्या, की आजच जाऊन बीपी मोजून घे आणि गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना खरं सांग. तू गेलीस. १४८/९६ निघालं, लघवीत प्रोटीन नाही, गोळी परत सुरू झाली. शाबास. आता बाकीचं सविस्तर लिहिते, कारण हेच पत्र वेगवेगळ्या अक्षरांत मला महिन्यातून चारदा तरी येतं.

आधी त्या अर्ध्या गोळीचं बघू. सासऱ्यांची गोळी बहुतेक टेल्मिसार्टन नाहीतर रामिप्रिलच्या घराण्यातली असेल. त्या वयाच्या माणसांना सर्रास तीच देतात. त्यांना ती उत्तम आहे. पोटातल्या बाळाला मात्र ती घातक आहे. बाळाची मूत्रपिंडं बिघडतात, भोवतीचं पाणी कमी होतं. गरोदरपणात चालणारी बीपीची औषधं मोजकीच आहेत: लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा. तुला जे लिहून दिलंय ते त्यातलंच आहे, आणि कितीतरी वर्षांपासून गरोदर बायका ते घेत आल्या आहेत. त्या गोळीने कधी थकल्यासारखं वाटतं, कुणाला डोक्याच्या कातडीला मुंग्या येतात. तुला दमा असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांग, मग ते दुसरी देतील. बाकी पाकिटातल्या कागदावर कंपनी सगळंच छापते. तो कागद क्रोसिनच्या पाकिटातलाही वाच एकदा, झोप उडेल.

आता तुझा खरा प्रश्न. काहीच होत नाही, मग गोळी का?

अगं, बीपीचा हाच तर खोडसाळपणा आहे. साखर वाढली तर निदान तहान लागते, रक्त कमी असलं तर जिना चढताना धाप लागते. बीपी १५० असतानाही बाई हसतखेळत पापड लाटत असते. म्हणून तर ते मोजावं लागतं. १४०/९० किंवा त्याहून जास्त, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं, की आम्ही ते वाढलेलं धरतो. तुझं तीन वेगवेगळ्या दिवशी तसं आलंय. म्हणजे मशीनची चूक नाही आणि दवाखान्यात शिरताना छातीत होणारी धडधडही नाही.

हे होतं का, ते तुमच्या उसाच्या रानातलंच उदाहरण देऊन सांगते. गर्भ रुजला की पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला (प्लॅसेंटाला) भरपूर रक्त पोचतं. काही बायकांत हा पाट अरुंदच राहतो. सुरुवातीला निभावतं. बाळ वाढायला लागलं, मागणी वाढली, की शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडायला लागतं. मग ती वार आईच्या रक्तात असे काही पदार्थ सोडते, की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी चढतं. मूत्रपिंडातून प्रोटीन गळायला लागतं. पुढे यकृत, मेंदू, डोळे. प्रोटीन गळायला लागलं किंवा बाकीच्या अवयवांवर परिणाम दिसला की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि त्यात आकडी आली तर एक्लॅम्प्सिया. तू आज पहिल्या पायरीवर आहेस: नुसतं बीपी. पण या पायरीवरच्या बऱ्याच जणी पुढच्या पायरीवर जातात, आणि कोण जाणार हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. म्हणून दर खेपेला लघवी, अधूनमधून रक्तातल्या प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या, आणि बाळाची वाढ बघायला सोनोग्राफी.

गोळीने हा आजार बरा होत नाही, तेही सांगून टाकते. गोळी बीपीला लगाम घालते, म्हणजे तुझ्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये आणि बाळाला पोटात आणखी काही आठवडे मिळावेत. मूळ बिघाड वारेत आहे, तेव्हा वार बाहेर पडल्याशिवाय तो मिटायला लागत नाही.

सासूबाईंचं सगळंच चूक नाही हं. संध्याकाळी घोट्यापाशी येणारी आणि पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरणारी सूज बहुतेकींना येते, तिला घाबरायचं कारण नाही. पण सकाळी उठल्यावर चेहरा भरलेला दिसला, कालपर्यंत सहज फिरणारी बांगडी मनगटात रुतायला लागली, अंगठी साबण लावूनही निघेना, तर ती सूज वेगळी. त्या दिवशी मोजायला जायचं.

आणि सगळ्या सुखरूप सुटल्या, हे मात्र तितकंसं खरं नाही. ज्या सुटल्या त्याच आज सांगायला आहेत. सरकारी नोंदीप्रमाणे २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, देशात ९७. हे आकडे पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आलेत, ते मोजायला लागलो म्हणूनही. उरलेल्या मृत्यूंत रक्तस्रावाच्या जोडीला बीपी आजही आहेच.

सिझरच्या संशयाबद्दल मी सासूबाईंशी भांडणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातल्या ४७ बाळंतपणांत सिझर झालं होतं, सरकारी दवाखान्यांत १४. एवढा फरक बायकांच्या कमरेच्या हाडांत नसतो. तेव्हा शंका घ्यायचा हक्क आहे. पण शंका सिझरची घ्या, बीपीच्या आकड्याची नको. बीपी वाढलंय म्हणून सिझरच करायचं असा नियम नाही. बहुतेक वेळा आम्ही तारीख ठरवून कळा आणायचं औषध देतो आणि बाई रीतसर बाळंत होते. प्रीएक्लॅम्प्सिया ठरला तर साधारण ३७ आठवडे पुरे झाल्यावर थांबत नाहीत. प्रकरण गंभीर असेल तर ३४ला, कधी त्याच्याही आधी बाळ बाहेर काढावं लागतं, आणि तशी वेळ येतेय असं दिसलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्या शब्दाला बिचकू नकोस, ती दोन दिवसांचीच असतात. डॉक्टरांना सरळ विचार, ‘कळा आणून बघता येतील का, नसेल तर का नाही?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंना आत घेऊन जा. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला आतलं सगळं कारस्थानच वाटतं.

घरी मशीन आणलंत तर दंडाला बांधायचं आणा, मनगटाचं नको. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. आमच्याकडे ओपीडीत गर्दी असली की नर्स बाहीवरूनच पट्टा गुंडाळते, बाई शेजारणीशी बोलत असते, आणि जो आकडा येतो तो कागदावर चढतो. तू तसं करू देऊ नकोस. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिही, तारखेसकट. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांनी परत मोज. पुन्हा तेवढंच आलं तर फोनाफोनीत वेळ न घालवता निघायचं, रात्र असली तरी. यातला एकच आकडा तिथवर गेला तरीही.

आणि मशीन काहीही सांगत असो, काही गोष्टींना थांबायचंच नाही. दुखण्याची गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक दिसणं. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखणं, वर उलट्या. याला आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि ॲसिडिटीची पुडी पाण्यात टाकून देतात. ते दुखणं यकृताचं असू शकतं. पोट दगडासारखं कडक होऊन दुखायला लागणं, खालून रक्त जाणं, कारण बीपी असलेल्या बाईची वार वेळेआधी सुटू शकते. आणि बाळ गप्प वाटणं. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड आणि हालचाली मोज. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर उद्यापर्यंत थांबू नकोस.

मीठ बंद करायला कुणी सांगितलं असेल तर करू नकोस. अळणी जेवणाने हा आजार टळत नाही, नुसती जेवणावरची वासना उडते. लोणचं-पापड बेताने. दिवसभर अंथरुणात पडून राहायचीही गरज नाही.

साखर. रिकाम्या पोटी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा, ही आपल्या देशातली सरकारी पद्धत. तुझी १४८, म्हणजे उंबरा ओलांडलाय, पण घरात शिरलेली नाही. पहिले दोन आठवडे जेवणावर आणि चालण्यावर बघतात. नंतर साखर उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२०च्या आत राहत नसेल तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. इन्सुलिनने बाळाला काही होत नाही, ते वारेतून पलीकडे जातच नाही. पलीकडे जाते ती तुझी साखर, आणि तिच्यावर बाळ नको तेवढं गुटगुटीत होतं, जन्मल्यावर मात्र त्याची स्वतःची साखर एकदम खाली येऊ शकते.

गोड बंद कर म्हणून तू मोकळी होशील, पण खरा घोटाळा सकाळच्या ताटात आहे. पोह्यांची भरलेली बशी, वर साखरेचा चहा, दोन बिस्किटं आणि ‘बाळासाठी’ केळं. यात दाण्यांखेरीज नुसतं पीठ आणि साखर आहे. त्याऐवजी मुगाचं धिरडं नाहीतर मोडाची उसळ, पोहे हवेच असतील तर वाटीभर आणि शेंगदाणे मोकळ्या हाताने. भाकरी चांगली, पण चांगली म्हणून तीन नव्हेत. दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट खायचं नसतं. पोटातला जीव किलो-सव्वाकिलोचा आहे. जेवलं की पंधरा-वीस मिनिटं गल्लीत चक्कर मार. डोहाळजेवणाला पुरणपोळीचे चार घास तूप लावून खा आणि त्या दिवशी भाताला हात लावू नकोस. एवढं मी माझ्या मुलीलाही खाऊ दिलं असतं.

तू हिमोग्लोबिन लिहिलंच नाहीस. बघून घे, ११च्या खाली असेल तर तेही अंगावर काढायचं नाही. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर गरोदर बायकांपैकी ४५हून जास्त जणींना रक्त कमी होतं, म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही आणि चहाबरोबर तर नाहीच. शी काळी होणारच.

आता माहेर. पाठवू नका असं मी म्हणणार नाही. पहिलं बाळंतपण आईकडे व्हावं असं मलाही वाटलं होतं. खंबाटकी उतरून कराडला जायला २९-३०व्या आठवड्यात हरकत नसते, बीपी ताब्यात असेल आणि तुझ्या डॉक्टरांनी मान डोलावली तर. माझी काळजी वेगळीच आहे.

नोकरीतली पहिली वर्षं होती माझी. रात्री अकराच्या सुमाराला जीपमधून एक बाळंतीण आणली, पाचवा दिवस. संध्याकाळी घरात पाचवी पुजली होती, सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं. आई म्हणाली, ‘डोक्याला फडकं बांध म्हटलं तर ऐकलं नाही, वारं भरलं.’ म्हणून शेक दिला, ओवा दिला, खिडक्या लावून घेतल्या. रात्री तिला आकडी आली, जीपमध्ये दुसरी आली. मी बीपी मोजलं, १८०/१२०. आम्ही मॅग्नेशियम सल्फेट लावलं. फार जुनं आणि स्वस्त औषध आहे. पुढे २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजार बायकांवरच्या अभ्यासाने ते आकडी निम्म्याहून जास्त टाळतं हे पक्कं केलं. दोन दिवस तिला अंधुक दिसत होतं, मग दृष्टी आली, बाळाला पाजायला लागली. नंतर मी तिची कागदपत्रं मागितली. सहाव्या महिन्यापर्यंतची सासरच्या दवाखान्यातली होती, शेवटचं बीपी १३६/८८. त्यापुढे काहीच नाही. सातव्यात ती माहेरी आली. सासरच्यांना वाटलं माहेरचे दाखवतील, माहेरच्यांना वाटलं सासरी सगळं झालंय. घरात बाळंतही झाली. तिचं बीपी मोजलं गेलं ते थेट माझ्या हातून.

म्हणून तुला सांगते, आधी तिकडचा डॉक्टर ठरतो, मग बाई माहेरी जाते. भावाला कराडला पाठव. उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगीही आहेत. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ चोवीस तास मिळतो, रक्त मिळतं, आणि कमी दिवसांचं बाळ ठेवायची सोय जवळ आहे, असं एक ठिकाण ठरवा आणि तिथे नाव घाला. गावातल्या उपकेंद्रात आशाताईंना कळव, पण बाळंतपण तिथे नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिचाही उपयोग होतो. फाइलचं प्रत्येक पान आणि बीपीची वही यांचे फोटो तुझ्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. गावातून रात्री निघायची वेळ आली तर १०८ला फोन करा, आणि शेजारच्या कुणाची गाडी मागायची हेही आत्ताच ठरवून ठेवा.

आणि बाळ झालं की संपलं असं समजू नकोस. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, नेमकं जेव्हा तुला घरी सोडलेलं असतं आणि घर बारशाच्या गडबडीत असतं. ते दिवस मशीन उशाशी ठेव. पाचवीच्या दिवशी डोकं दुखलं तर फडकं खुशाल बांध, पण बांधायच्या आधी मोज. गोळी मनाने बंद करायची नाही. कमी करायची ती डॉक्टर करतील, दीड महिन्यात बहुतेकींची सुटते. दीड महिन्याने साखरेची चाचणी पुन्हा करायची असते, ती विसरू नकोस. डिंकाचे लाडू तुझ्यासाठी थोडेच करायला सांग, आणि आई रुसली तर माझं नाव सांग.

पुढच्या बाळाच्या वेळी मात्र दिवस गेले की तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं सांग. कमी डोसची ॲस्पिरिन १२ ते १६ आठवड्यांत सुरू केली तर तुझ्यासारखीला उपयोग होतो. या खेपेला ती वेळ गेली.

डोहाळजेवणाची हिरवी साडी घेतलीच असशील. पोलकं शिवायला टाकताना शिंप्याला सांग, बाही ढगळ ठेव, दंडावरून खांद्यापर्यंत वर सरकायला हवी. दुपारी बायका ओटी भरून गेल्या की तुला मोजायचंय.